खुर्जीच्या पट्ट्या आणि रंगाचे थर

गेले तीन वीकांत मी जेमतेम चार किलो लोखंडावर घालवले. आईच्या मते एवढ्या वेळात नवीन बनवून, बसवून, शिवाय घरातला पंखाही पुसून झाला असता. पंख्याचं खरं आहे. बाकीचं मात्र नाही, आणि ते का नाही हेच आज लिहायचंय. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा कंटाळा असेल त्यांनी इथूनच परतावं, पुढे बराच इतिहास आहे :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्याकडे आजोबांची बुलेट आहे, १९७४ ची. आजोबा जनावरांचे डॉक्टर. पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर औषधं, इंजेक्शनं, दोरखंड असं सगळं घेऊन फिरायचे. त्यासाठी त्यांनी गाडीला दोन्ही बाजूंनी चामड्याच्या पिशव्या लावून घेतल्या होत्या. सॅडल बॅगला आपल्याकडे जुना शब्द आहे, खुर्जी. घोड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी दुहेरी पिशवी. घोडा गेला, बुलेट आली, खुर्जी तीच राहिली. फरक एवढाच की घोड्याच्या पाठीला क्लॅम्प लागत नाही. बुलेटला लागतो. पिशवी मागच्या चाकात जाऊ नये म्हणून आत लोखंडी गजाची चौकट लागते, चौकट गाडीला धरायला पट्ट्या लागतात, झाकणाला बिजागरी लागते. हे सगळं आजोबांनी कराडच्या एका वेल्डरकडून बनवून घेतलेलं. त्यानं एका छोट्या पट्टीवर पंचनं ठिपके ठोकून आजोबांची आद्याक्षरंही काढून दिली होती.

चामडं कधीच गेलं. लोखंड उरलं, गंजलेलं. ते साफ करून, रंगवून परत लावायचं ठरवलं. पहिल्या शनिवारी गॅलरीत बसलो आणि पॉलिश पेपर घेऊन घासायला लागलो. वर चंदेरी रंग, तो बाबांनी नव्वद सालाच्या आसपास मारलेला. त्याच्या खाली काळा. काळ्याच्या खाली आणखी एक थर निघाला, शेंदरी. मग धातू. आम्हा संगणकवाल्यांना जुन्या कोडचा इतिहास बघायची सवय असते, कुणी काय बदललं, कधी बदललं. इथे तसाच इतिहास पट्टीवर होता, फक्त बदल करणाऱ्यांनी कारणं लिहून ठेवली नव्हती. ती शोधावी म्हणून बसलो आणि पहिल्याच थराला घाम फुटला.

शेंदूर

लोखंडाच्या खाली मारायचा नेहमीचा लाल प्रायमर म्हणजे रेड ऑक्साईड. तो लोहाचाच ऑक्साईड, विटेच्या रंगाचा. माझ्या पट्टीवरचा थर विटेचा नव्हता, नारिंगीकडे झुकणारा होता. मारुतीच्या अंगावर असतो तसा. आणि मारुतीच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत शिशाचा ऑक्साईड, रेड लेड. हाच शेंदूर जवसाच्या तेलात कालवून एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जगभरच्या पुलांना, जहाजांना आणि टाक्यांना पहिला हात म्हणून मारला जायचा. उगीच नाही. तेलातली आम्लं आणि शिसं यांची क्रिया होऊन जे क्षार तयार होतात ते लोखंडाला गंज चढू देत नाहीत. शिवाय खाली थोडा गंज शिल्लक असला तरी हा रंग सांभाळून घेतो. म्हणजे काम उत्तम. पण शिसं ते शिसंच. लहान मुलांच्या मेंदूवर ते परिणाम करतं आणि रक्तात अमुक इतकं शिसं असलं तर चालतं अशी सुरक्षित पातळी सापडलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे वाचत होतो तेव्हा ताईची दीड वर्षांची मुलगी त्याच गॅलरीत रांगत होती. मी दोन तास कोरडं घासलं होतं. धूळ सगळीकडे.

पुढचं थोडक्यात. गॅलरी ओल्या फडक्यानं तीनदा पुसली, फडकी फेकली, पोरीचे कपडे वेगळे धुतले आणि सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट चांगला आला. पण ते तीन दिवस ताई माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग घरात असेल तर कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, मास्क लावा, पोरंबाळं लांब ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

या प्रकारानंतर प्रत्येक थराकडे मी एकच प्रश्न घेऊन बघायला लागलो. याचं काम काय, आणि किंमत कोणी मोजली?

काळा

मोटारसायकली, सायकली, शिवणयंत्रं पूर्वी काळीच का असायची? याचं मूळ निघतं जपानात. सतराव्या शतकात युरोपात जपानी आणि चिनी लाखकामाच्या वस्तू यायला लागल्या आणि श्रीमंतांना त्यांचं वेड लागलं. ती चकचकीत काळी लाख एका विशिष्ट झाडाच्या चिकापासून बनते आणि ते झाड युरोपात नव्हतं. (आपल्या सावंतवाडीच्या लाखकामातली लाख वेगळी, ती कीटकापासून मिळते.) मग नक्कल सुरू झाली. वेल्समधल्या पाँटीपूल गावात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ऑलगुड घराण्यानं पत्र्यावर असा लेप द्यायची पद्धत विकसित केली, पुढे बर्मिंगहॅम आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या परिसरात हा मोठा धंदा झाला. नाव पडलं जपानिंग. त्यात मुख्य माल काय, तर डांबराचा भाऊ ॲस्फाल्ट आणि जवसाचं तेल. लेप द्यायचा, भट्टीत भाजायचा, परत द्यायचा. ॲस्फाल्टमुळे रंग काळाच येणार. म्हणजे काळा रंग कुणी आवडीनं निवडला असं नाही, तो मालाबरोबर फुकट आला!

फोर्डच्या मॉडेल टीचा विनोद सगळ्यांना माहीत असतो, काळा असेल तर कुठलाही रंग घ्या. ती गाडी १९०८ मध्ये आली तेव्हा मात्र ती दुसऱ्या रंगांत मिळायची. फक्त काळी झाली ती १९१४ ते १९२५ या काळात, म्हणजे सरकत्या साखळीवर उत्पादन सुरू झाल्यावर. भाजलेला जपान ब्लॅक स्वस्त, टिकाऊ आणि घाऊक कामाला सोयीचा होता.

इंग्लंडमध्ये भट्टीत भाजलेल्या या रंगाला स्टोव्ह एनॅमल म्हणू लागले आणि सायकलच्या कारखान्यांतून तो सरळ मोटारसायकलवर आला. ते स्वाभाविकच होतं, कारण कारखाने तेच होते. रॉयल एनफिल्डचं गाव रेडिच हे मुळात सुयांचं गाव. कंपनीची मुळंही टाउनसेंड नावाच्या सुयांच्या कारखान्यात. सुयांवरून सायकली, सायकलींवरून १९०१ मध्ये पहिली मोटारसायकल, आणि १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया. आजोबांची गाडी घेतली तोवर रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला होता, मद्रासचा चालू होता. आईचं दुकान बंद, मुलाचं सुरू.

अर्थात कराडच्या वेल्डरकडे भट्टी कुठली असणार? त्यानं ब्रशनं काळा ऑइलपेंट मारला. भट्टीतल्या काळ्याची नक्कल, आणि तो काळा जपानी लाखेची नक्कल. नकलेची नक्कल, पण पन्नास वर्षं टिकली.

ड्युको

आपल्याकडे कुठल्याही गॅरेजात किंवा फर्निचरवाल्याकडे जा, फवारून मारलेल्या चकचकीत रंगाला तो "ड्युको" म्हणेल. मला लहानपणी हा शब्द देशीच वाटायचा. तो खरं तर अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीचा ट्रेडमार्क, १९२३ चा. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँटनं स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोजचे प्रचंड कारखाने उभे केले होते. युद्ध संपलं, कारखान्यांचं करायचं काय? त्याच मालापासून झटपट वाळणारं लॅकर निघालं. तोपर्यंत मोटारीला ब्रशनं व्हार्निशचे हात द्यायला आणि वाळवायला आठवडेच्या आठवडे जायचे. ड्युकोनं ते काम काही दिवसांवर, पुढे तासांवर आणलं. १९२४ च्या निळ्या ओकलंड मोटारींवर जनरल मोटर्सनं ते वापरलं आणि काळ्याची सद्दी संपली. १९२६ च्या मॉडेलपासून फोर्डलाही परत रंग आणावे लागले.

किंमत? ड्युकोत घट्ट माल कमी, उडून जाणारा द्रव जास्त. म्हणजे डब्यातला बराचसा पैसा वाफ होऊन हवेत जातो आणि जाताजाता रंगाऱ्याच्या फुप्फुसातून जातो. नाक्यावरच्या गॅरेजात नाकाला नुसता रुमाल बांधून फवारणारा पोरगा तुम्हीही पाहिला असेल.

चमक

खुर्जीची बकलं, कड्या, बिजागऱ्या यांना रंग नाही, मुलामा असतो. आधी निकेलचा. तो जरा पिवळसर, काही दिवसांनी मंद होणारा, सतत पुसावा लागणारा. १९२० च्या दशकाच्या मध्यावर क्रोमचा मुलामा कारखान्यात देता येऊ लागला आणि दहा वर्षांत निकेलची चमक जुनाट दिसू लागली. पण गंमत बघा. क्रोमचा थर इतका पातळ असतो की गंजापासून खरं संरक्षण त्याच्या खालचं निकेलच करतं. क्रोम फक्त मिरवतो. (प्रत्येक टीममध्ये असा एक असतो, असो.) म्हणूनच कोरियाच्या युद्धात निकेलची टंचाई झाली तेव्हा १९५२ च्या आसपास बीएसएसारख्या ब्रिटिश कंपन्यांना नेहमी चमकणारे भाग रंगवून विकावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात तर चमक हा दोषच होता. हार्लेच्या लष्करी डब्ल्यूएलए गाड्यांना चामड्याच्या सॅडल बॅगा असायच्या, पण बघून तोंड दिसेल असं क्रोम नाही. सगळं मळकट हिरवं. लष्करी सामानात रंगाऐवजी किंवा रंगाखाली बऱ्याच ठिकाणी फॉस्फेटचा थर असायचा. ही पद्धत थॉमस कॉस्लेट या इंग्रजानं १९०६ च्या सुमारास पेटंट केली. तापलेल्या फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणात लोखंड बुडवलं की त्यावर करडे, खडबडीत स्फटिक तयार होतात. १९१५ मध्ये अमेरिकेत पार्कर कंपनीनं हाच धंदा मोठा केला, म्हणून नाव पार्करायझिंग. हे कॉस्लेटसाहेब लक्षात ठेवा, पुढे भोसरीत भेटतील.

क्रोमची किंमतही सांगून टाकतो. मुलाम्याच्या टाकीतलं षट्संयुजी क्रोमियम कॅन्सरकारक आहे. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय क्रोमियम ट्रायऑक्साईड वापरता येत नाही. म्हणून बकलांना परत मुलामा द्यायचा नाही, हे माझं पहिल्यांदा ठरलं.

पावडर

आता शेवटचा थर, जो माझ्या पट्टीवर अजून नव्हता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एर्विन गेमर नावाच्या शास्त्रज्ञानं एक युक्ती काढली. प्लास्टिकची भुकटी एका पेटीत भरायची. पेटीचा तळ सच्छिद्र. खालून हवा सोडली की भुकटी उकळत्या पाण्यासारखी हलायला लागते. त्यात तापवलेला लोखंडी भाग बुडवून काढायचा, भुकटी वितळून चिकटते. थिनर नाही, वास नाही. १९५३ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. पण थर जाड यायचा, मिलिमीटरचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. पाइप आणि जाळ्यांना ठीक, बिजागरीला नाही.

१९६० च्या दशकात विजेची बंदूक आली. भुकटीला हजारो व्होल्टचा भार द्यायचा, लोखंडाला अर्थिंग द्यायचं, भुकटी आपणहून जाऊन चिकटते. मग भट्टीत १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं. ती वितळते, पसरते, आणि तिच्यातले रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात. थर ६० ते ८० मायक्रॉन. खाली सांडलेली भुकटी गोळा करून परत वापरता येते.

तरी कारखाने लगेच वळले नाहीत. चांगली कल्पना आणि तिचा वापर यांच्यात नेहमी कुणाची तरी सक्ती किंवा कुणाचं तरी बिल उभं असतं. इथे दोन्ही होतं. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला कंटाळून १९६६ मध्ये तिथे नियम ६६ आला, त्यानं थिनरसारख्या द्रवांवर बंधनं घातली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि थिनर महाग झालं. त्याच दशकात उन्हात टिकणारी पॉलिएस्टर पावडर मिळू लागली. आधीच्या इपॉक्सीवर उन्हानं खडूसारखी पूड यायची.

पावडर तरी निर्दोष का? नाही. पॉलिएस्टरला जोडणारं टीजीआयसी नावाचं रसायन १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात जनुकांना घातक ठरवलं गेलं आणि तिथे त्याला पर्याय शोधावे लागले. यादी लांबत जाते, संपत नाही.

भोसरी

तिसऱ्या शनिवारी भोसरी एमआयडीसीत एका जॉबवर्कवाल्याकडे गेलो. शेडमध्ये ओळीनं सात टाक्या. मालक काका पन्नाशीचे. मी म्हटलं, "काका, एवढ्या टाक्या कशाला?"

"पावडर काय कुणीपण मारतंय. टिकतं ते टाक्यांवर," ते म्हणाले. पहिल्या टाकीत तेल काढायचं, मग पाणी, मग आम्लात गंज काढायचा, परत पाणी, मग फॉस्फेट, परत पाणी, शेवटी पॅसिव्हेशन. पाचव्या टाकीपाशी मी थांबलो. कॉस्लेट! बर्मिंगहॅमचं १९०६ चं डोकं भोसरीत आजही रोज लोखंड बुडवतंय.

शिशाचं मी आधीच सांगितलं. लपवून त्यांच्या पोरांच्या नाकात धूळ घालणं बरोबर नव्हतं. ते म्हणाले, "मग ब्लास्टिंग नको. स्ट्रिपर लावून काढू, ओल्यातच." पैसे दीडशे जास्त घेतले, आनंदानं दिले.

संध्याकाळी माल मिळाला, काळा, अर्धवट चकाकीचा, सुरेख. घरी आणून जोडायला गेलो तर बिजागरीचा खिळा जाईना आणि बोल्ट आट्यांत बसेना. ८० मायक्रॉन इकडून, ८० तिकडून. भोकाचा व्यास दीडशेहून जास्त मायक्रॉननं कमी झालेला! आटे आणि भोकं झाकून घ्या हे सांगायचं मीच विसरलो होतो. त्यांनीही विचारलं नाही, पण आपलं काम आपण सांगावं. आणि चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत थर विरळ होता. तिथे विजेचं क्षेत्र पोचत नाही म्हणून भुकटी जात नाही, फॅरेडेचा पिंजरा, बारावीच्या पुस्तकातला. ते कोपरे ब्रशनं टचअप केले, भोकं ड्रिलनं मोकळी केली. पावडर एकदा फुटली की पाणी तिच्या खाली शिरून गंज आतल्या आत पसरतो आणि वरून काही दिसत नाही, त्यामुळे दर पावसाळ्यानंतर हे कोपरे तपासावे लागणार.

आद्याक्षरांची पट्टी मात्र मी भोसरीला दिलीच नव्हती. पंचचे ठिपके उथळ आहेत, पावडरनं ते बुजले असते. ती घरीच ठेवली. चंदेरी, काळा, शेंदरी असे तिन्ही थर तिच्या कडेला पायऱ्यांसारखे दिसतात. घासली नाही, नुसती ओल्या फडक्यानं पुसली आणि वरून पारदर्शक लॅकरचे दोन हात दिले, म्हणजे शिसं आत बंद. मग ती चौकटीच्या आतल्या बाजूला, पोरीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर बोल्टनं बसवली.

बाबांनी वाकून बघितलं. म्हणाले, "चंदेरी मी मारला तेव्हा तुझे आजोबा चिडले होते. गावात लोक काळ्या पेटीवरून डॉक्टर ओळखतात म्हणाले."

म्हणजे एका बदलाचं कारण तरी सापडलं. आता पिशव्यांसाठी चामडं शोधायचंय. आणि पंखा पुसायचाय.